गयाबाईंचं पान

गेलेल्या माणसांचं काम करणाऱ्या ऑफिसात हसण्यासारखं काय घडणार, असं सगळ्यांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. पण फोन घ्यायला बसलं की दुपारपर्यंत एखादा तरी किस्सा पदरात पडतोच, आणि तो घरी नेऊन सांगता येत नाही. जेवताना कोण ऐकून घेणार असलं? मग ते साठत जातात. आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी साठत नाही, पण किस्से मात्र भरपूर!

ऑफिस म्हणजे सिडकोत एका दवाखान्याच्या वर भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. माणसं चार. सर, ज्यांच्या डोक्यातून हे निघालं. दत्ता, जो ॲप बनवतो. नाझनीन, जी ते कुठं मोडतंय ते शोधते. आणि मी, मजकूर लिहिणारी आणि लोकांचं ऐकून घेणारी.

ॲप अगदी साधं. गेलेल्या माणसाच्या नावानं एक पान उघडायचं, नातेवाइकांना लिंक पाठवायची, ज्यानं त्यानं आठवण लिहायची किंवा बोलून ठेवायची. सरांचे वडील गेले तेव्हा शोकसभेत लोक फार सुंदर बोलले होते म्हणे. महिन्याभरानं सरांना त्यातलं एक वाक्य धड आठवेना. त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चांगली नोकरी सोडली!

*

पहिली अडचण आली ती टेस्टिंगला. पान उघडून बघायचं तर नाव कुणाचं टाकायचं? जिवंत माणसाचं टाकायला कुणाची छाती होईना. सर म्हणाले, "काही होत नाही, माझं टाका." नेमका वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन स्पीकरवर होता. त्या तिकडून अशा ओरडल्या की खालच्या दवाखान्यातली नर्स वर येऊन बघून गेली!

शेवटी दत्ता म्हणाला, "माझ्या मायचं टाका, गयाबाई. ती गेलेलीच हाय."

तेव्हापासून प्रत्येक नवं बटण आधी गयाबाईंवर. "गयाबाईंचा फोटो आडवा आला रे!" "गयाबाई दोनदा सेव्ह झाल्या!" असा दिवसभर आरडाओरडा. दत्ता मुकाट्यानं दुरुस्त करायचा. पानावर आम्ही काय वाटेल ते लिहून बघायचो. 'टेस्ट टेस्ट', 'आई छान स्वयंपाक करायची', 'अ आ इ ई'. नाझनीनला लांब मजकूर टाकून बघायचा असला की ती मनानंच एखादी आठवण रचायची.

मी एकदा दत्ताला म्हटलं, "अरे, एखादी खरी तरी लिही."

"काय लिहू ताई? माय बसलेली मला आठवतच नाय. हंडा डोक्यावर, नायतर हंड्याच्या रांगेत उभी. आमच्या गावात होळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसतो. ह्याच्यात आठवण काय लिहायची?"

त्याच्या मायचं पान आमच्या खोट्या वाक्यांनी भरत राहिलं.

*

आधी ओळखीपाळखीच्या घरांना ॲप वापरायला दिलं. सरांनी हौसेनं प्रत्येक नावाआधी 'कै.' आपोआप येईल अशी सोय केली होती. पहिलाच फोन टीव्ही सेंटरकडच्या एका शिक्षकांचा.

"साहेब, आमचे वडील कैलासात गेलेले नाहीत. आम्ही बौद्ध. कालकथित लिहा."

"आणि आमच्यात मरहूम," नाझनीननं इकडून पुस्ती जोडली.

सरांनी ताबडतोब यादी करायला घेतली. दत्ता स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "सर, नुसतं नाव ठेवा की. जित्तेपणी माझ्या मायला कुणी श्रीमती तरी लावलं व्हतं का?"

नुसतं नाव ठेवलं.

*

मग 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा पूर आला. पान कुणाचंही असो, खाली ओळीनं तेच, पुढं जोडलेले हात. सर चिडले. हे शब्द लिहिले की ॲप ते घेणारच नाही, उलट 'एखादा प्रसंग सांगा' म्हणेल, असं दत्ताकडून करून घेतलं. झालं! पानं ओस पडली.

दुसऱ्याच दिवशी एका काकांचा फोन. आवाज चढलेला. "तुमचं ॲप माझं घेत का नाही? भाऊ होता माझा!"

मी म्हटलं, "काका, त्यांचा एखादा प्रसंग लिहा ना."

"कुठला प्रसंग लिहू? प्लॉटच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं आमचं. सगळ्यात शेवटी काय बोललो, ते लिहू का तिथं?"

काका फोन ठेवीनात. मीही ठेवला नाही. संध्याकाळी सरांनी ती बंदी उठवली. काकांनी लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि हात जोडले.

*

फोटोशिवाय पान उघडत नसे. अजिंठ्याहून एका मुलाचा फोन आला, की वडिलांचा फोटोच नाही. वडील लेण्यांपाशी माळा आणि रंगीत दगड विकायचे. आलेल्या लोकांचे फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यावर काढून द्यायचे. हजारो काढले असतील! पण त्यांचा कुणी काढला नाही.

"एक सापडलाय पण," मुलगा म्हणाला, आणि त्यानं पाठवला. कुणा टुरिस्टनं आठवणीनं पोस्टानं धाडलेला. लेण्यांसमोर एक अनोळखी जोडपं, आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचा भलामोठा अंगठा.

"यात वडील कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्यो अंगठा, मॅडम."

दत्तानं जोडपं कापलं आणि अंगठा लावला. त्या घरच्यांनी पान उघडलं तेव्हा सगळी रडली, असं मुलानं नंतर कळवलं. नाझनीन आणि मी आधी हसलो होतो, त्याची लाज वाटली.

*

बायपासच्या पलीकडं जिथं तिथं नवीन कॉलन्या झाल्यात. घरं देखणी, नळ कोरडे. तिथल्या एक सूनबाई सासूबाईंची आठवण रेकॉर्ड करत होत्या. "आमच्या आई फार प्रेमळ..." एवढं झालं आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" सूनबाई फोन तसाच टाकून पळाल्या. पुढं नुसती बादल्यांची आदळआपट, पाइपावरून भांडण आणि सूनबाईंच्या तोंडच्या अस्सल शिव्या!

त्यांच्या विनंतीवरून आम्ही शिव्या कापल्या. तर पुण्याहून नणंदेचा फोन. "मी काल ऐकलं होतं. त्या शिव्या कुणी काढल्या?"

"वहिनींना संकोच वाटला म्हणून..."

"अहो, त्या आईच्या शिव्या आहेत! तेवढंच तर आईसारखं होतं त्यात. बाकी प्रेमळबिमळ काही नव्हती ती."

आणि त्या फोनवरच हुंदके द्यायला लागल्या.

*

ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं. त्याआधी टेस्टिंगचा कचरा साफ करायचा असतो. सगळा झाला, एक पान सोडून. सर रोज विचारायचे, दत्ता रोज म्हणायचा, "करतो सर." एक दिवस मीच म्हटलं, "दत्ता, लोक बघतील, 'टेस्ट टेस्ट' काय चांगलं दिसतं का?"

"कळतंय ताई. पण पुसायचं बटण दाबवत नाय. बापूला विचारतो, मग पुसतो."

बापू म्हणजे त्याचे वडील. बायको गेल्यावर गाव सोडून शहरात आलेले, एका नव्या टॉवरवर वॉचमन. त्या टॉवरच्या बोर्डावर निळाशार स्विमिंग पूल छापलाय, आणि आत सगळं टँकरवर.

बापू आले. टोपी काढून खुर्चीच्या टोकावर बसले. दत्तानं पान उघडलं, पण वाचायची वेळ आली तसा तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग मीच वाचलं. 'टेस्ट टेस्ट' गाळलं. "आई छान स्वयंपाक करायची." बापूंनी मान हलवली. पुढं नाझनीनची लांबलचक आठवण होती. तिचं आजोळ पैठणचं, त्यामुळं तिला रचताना नदीच सुचायची.

"आई रोज संध्याकाळी नदीवर जायची. पाण्यात पाय सोडून बसायची. घरून हाका मारल्या तरी उठायची नाही."

"आमच्या गावाला नदी नाय," बापू म्हणाले.

नाझनीन कावरीबावरी झाली. "बापू, वो... ते मी असंच लिहिलं होतं. टेस्टिंगला. खरं नाही ते."

"कळलं मला. परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"किती येळ बसायची, ते लिव्हलंय का?"

मी नाझनीनकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अंधार पडेपर्यंत, बापू," ती म्हणाली.

"मग तेवढं लिव्हा त्यात."

तिनं लिहिलं. बापू उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. गॅलरीतून आत आलेल्या दत्तानं विचारलं, "बापू, मग पुसू ना?"

"नको. बसू दे तिला."