अख्ख्या गल्लीचा इनबॉक्स

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायची हिंमत नव्हती, आणि आता आईच राहिली नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय — यातसुद्धा भित्रेपणा आहेच, मला कळतं.

धानोऱ्यातल्या आमच्या भाऊबंदांत पहिला पदवीधर मी. बी.एस्सी. हे मिरवून सांगतो, कारण मी ते आयुष्यभर मिरवलंच आहे. आजोबा अंगठा लावायचे, वडील सही शिकले ती माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी. आणि मी? पाच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, पाचही वर्षं आपटलो. मग नंदुरबारला स्टँडच्या मागे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, भरती, प्रवेश — सगळं.

प्रत्येक फॉर्मला ईमेल लागायचा. आमच्या गल्लीत तो कुणाकडे असणार? मीच काढून द्यायचो. पासवर्डही मीच ठरवायचो — गावाचं नाव आणि पुढे माझं जन्मसाल. सगळ्यांना एकच. कुणाला लक्षात ठेवायची गरजच नव्हती, लक्षात ठेवायला मी होतो ना! पुढे ही खाती वेगवेगळी उघडून बघायचा कंटाळा आला, तेव्हा ती सगळी माझ्या फोनवरच्या एका ॲपमध्ये जोडून टाकली. आता सगळ्यांच्या मेल एकाच यादीत, एकाखाली एक. सकाळी चहा घेताना अंगठ्याने वर सरकवत जायचं, की अख्खी गल्ली नजरेखालून जायची. कुणाचा अर्ज बाद झाला, कुणाला हॉल तिकीट आलं — त्याच्याआधी मला ठाऊक.

खरं सांगू? मला ते आवडायचं. सोयीसाठी केलं असं सगळ्यांना सांगायचो, आणि सोय होतीही. पण रस्त्याने जाताना लोक थांबून विचारायचे, आपलं काही आलं का म्हणून — त्यात जी मजा होती, ती मला पदवीनेही दिली नव्हती.

ज्योती माझी चुलत बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पाचवीपासून तिचा अभ्यास मी घेतलेला. ती बारावी सायन्सला तालुक्यात नाव निघेल अशी पास झाली. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ओट्यावर पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवत सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे ग्रॅज्युएट, तू शिकीसन काय करं? दुसरास्ना फारम भरस! मन्ही पोर देख आते."

लोक हसले. मीही हसलो. पेढा खाल्ला.

तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला. मन लावून भरला — यात मी खोटं बोलत नाही. काकांच्या घरी एकच साधा फोन होता, तो त्यांच्याबरोबर शेतात असायचा. म्हणून ईमेल मी काढलेला, आणि मोबाईल नंबरही माझाच. पहिल्या यादीत नाव आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं. तेव्हापासून ती दर बाजाराला दुकानात यायची. पायरीवरूनच विचारायची, "दादा, मन्हं काही ऊनं का?"

आणि एक दिवस आलं. दुपारी, बँकेची जाहिरात आणि कुणाच्या तरी पीकविम्याचं पत्र, या दोघांच्या मध्ये. नाशिककडच्या कॉलेजात जागा मिळाली आहे, पाच दिवसांत होकार कळवा. मी ते दोनदा वाचलं. मग 'न वाचलेलं' अशी खूण करून ठेवलं. कशासाठी? ॲप मला विचारणार होतं का? कदाचित मलाच मी ते वाचलं नव्हतं असं पटवायचं होतं.

संध्याकाळी घरी जाताना सांगू, म्हटलं. त्यांच्या दारावरून गेलो. काका ओट्यावर बसले होते. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी बाजार होता. ती आली. एक दिवस बाकी होता — हे मला माहीत होतं, नीट माहीत होतं. होकाराचं बटण दाबायला एक मिनिट लागलं असतं. तिने नेहमीसारखं विचारलं. मी फोन हातात घेतला, पडदा माझ्याकडे वळवला, यादी वर-खाली केली. शोधायचं नाटक केलं, दुसरं काय? आणि म्हणालो, "नही ऊनं."

ती म्हणाली, "तू देखं ना? मंग नहीच ऊनं व्हई."

आठवड्याने दुसरं पत्र आलं — मुदतीत उत्तर न आल्याने जागा पुढच्या उमेदवाराला दिली. मी दोन्ही पत्रं पुसली. कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसली. तेवढं शिक्षण माझ्याकडे होतं.

काकांनी पुढच्या वर्षी तिचं लग्न लावलं. ती आता नंदुरबारलाच असते, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते. संध्याकाळी पोरीला जवळ घेण्याआधी हात तेलाने चोळून घेते, नाहीतर पोर रडते. काका हल्ली मला ग्रॅज्युएट म्हणून चिडवत नाहीत. मान खाली घालून फॉर्म भरून घेतात. मला हेच हवं होतं ना? मिळालं.

गेल्या महिन्यात ज्योतीने नवा फोन घेतला आणि माझ्याकडे आली. जुना ईमेल चालू करून दे म्हणाली. मी पासवर्ड सांगितला. तिने स्वतःच्या बोटाने टाकला. काउंटरच्या पलीकडे उभी राहून ती खाली-खाली सरकवत गेली, नर्सिंगचा फॉर्म भरला त्या सालापर्यंत पोचली, तिथे थांबली. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. आधीच भरलेल्या प्रिंटरमध्ये.

मग ती हसली. "खरंच काहीच नही ऊनं व्हतं, दादा. इतला दिन मन्हा मनमा ऱ्हायनं. उगाच तुले तरास दिधा."

मी म्हटलं, चहा घेशील? ती चहा पिऊन गेली.

पासवर्ड बदलून घे, असं मी तिला सांगितलं नाही. ते खातं माझ्या फोनमधूनही काढलेलं नाही. काल तिच्या पोरीच्या शाळेची मेल आली, पालकसभेची. तिच्याआधी मी वाचली.