खंडेनवमीचं पाणी

विलास मिस्त्रींनी बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन आमच्या अंगणातच उघडलं. पिस्टन गंजून सिलिंडरला असा चिकटला होता की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते कळेना. "नुसती उभी राहून गाडी एवढी सडत नाही," ते म्हणाले. "प्लगच्या भोकातून पाणी गेलंय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

तो प्लग बाबांनी साफ करायला काढला होता आणि त्याच आठवड्यात ते गेले. गाडी पडवीच्या पत्र्याखाली तशीच राहिली. तिला हात लावायची फक्त आई. दर खंडेनवमीला तांब्या-तांब्याने न्हाऊ घालायची, हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार चढवायची. ते भोक कशाचं, हे तिला कोण सांगणार?

हेळसांडीने वस्तू मरतात म्हणे. घरात या गाडीइतकं कशालाच कुणी जपलं नव्हतं. आपण ज्याला जपतो त्याचं कुठे काय उघडं राहिलंय, हे बघायचं राहूनच जातं. आपण आपले वरून ओतत राहतो.

ठोकून ठोकून पिस्टन निघाला, तोही तुकड्यांनी. आई चहा घेऊन आली. "कशानं हो गंजलं एवढं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

"पावसाचं पाणी गेलं गं आत," मी म्हणालो.

आईने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो एकदाही गळला नव्हता. मग तिने कप खाली ठेवले आणि कोरडेच हात ती कितीतरी वेळ पदराला पुसत राहिली.