टायर आणि सुभेदारांचा चाकू

ती घटना आजही आठवते, विशेषतः पेरू चिरताना.

तेव्हा दिल्लीच्या द्वारका भागातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. तिथल्या एका सोसायटीच्या अध्यक्षांच्या नव्या गाडीचे चारही टायर कोणीतरी भोसकले होते. अध्यक्ष ठाण्यात आले ते पाच पदाधिकारी, एक लेटरहेड आणि गुन्हेगाराचं नाव सोबत घेऊनच. सोसायटीचे सुरक्षाप्रमुख, लष्करातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे सुभेदार. पुरावा काय, तर त्यांच्या खिशात कायम चाकू असतो. शिवाय अध्यक्षांच्या भाच्याने त्यांना टायरपाशी वाकलेलं पाहिलं होतं. पार्किंगमधला कॅमेरा नुसता लावलेला होता, जोडलेला नव्हता.

"साहेब, नोकरी गेली तर जाऊ द्या," सुभेदार मला मराठीत म्हणाले. "पण पलटणीतल्या लोकांना कळलं तर तोंड कुठं लपवू?"

पंचनामा करून चाकू ताब्यात घेतला. साधा, घडीचा. लाकडी मूठ, घट्ट खीळ, धार लावून लावून अरुंद झालेलं पातं. मात्र पातं उघडं धरून ठेवणारं लॉक त्याला नव्हतं. सुतळी, पार्सल, पेरू यांना ते लागत नाही. टायरला लागतं. ठाण्याच्या आवारातल्या एका जुन्या टायरवर मी जपून टोक दाबून पाहिलं, तर पातं माझ्याच बोटांवर मिटायला निघालं. या चाकूने कोणी चार टायर भोसकले असते, तर त्याच्या बोटांवर ते दिसलं असतं. सुभेदारांची बोटं धड होती.

मग साक्षीला भाचा आला. त्याची स्वतःची सिक्युरिटी एजन्सी होती आणि सुभेदार असेपर्यंत तिला या सोसायटीचं काम मिळणार नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.

मी त्याची चौकशी केली नाही. सल्ला मागितला.

"घर के काम के लिए फोल्डिंग चाकू लेना है, यार. कौन सा लूँ?"

गडी खुलला. "सर, पूरा काला लीजिए, कमांडोवाला. मेरे पास है."

"टिकेगा?"

"दिखने में नंबर वन. बस लॉक बेकार है. ज़ोर लगाओ तो बंद हो जाता है."

"ज़ोर किस पर लगाया था?"

त्याने पट्टीकडे पाहिलं. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

चाकू त्याच्या स्कूटरच्या डिकीत मिळाला. पात्यावर रबर, खिळीपाशी वाळलेलं रक्त. मामांचं लेटरहेड मी फाइलला लावून ठेवलं.

सुभेदारांना त्यांचा चाकू परत दिला त्या दिवशी अध्यक्ष मिठाई घेऊन आले. खोक्याची सुतळी काही त्यांना सुटेना. सुभेदारांनी खिशातून चाकू काढला. अध्यक्ष एक पाऊल मागे सरले.

"घाबरू नका, साहेब," असं हिंदीत म्हणत सुभेदारांनी सुतळी कापली आणि पहिला पेढा त्यांनाच दिला.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. चौकशीत खोटं बोलणारा माणूसही खरेदीचा सल्ला देताना सहसा खरं बोलतो. निवृत्तीनंतर मी खरोखरच चाकू घेतला, तेव्हा सल्ला सुभेदारांचा घेतला. घट्ट खीळ, ओल्या हातातही न निसटणारी मूठ, घरच्या दगडावर धार लागेल असं पातं. रोज पेरू चिरतो. दहाही बोटं शाबूत आहेत.