उश्कीरचा गुडघा

केगेन गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर कुनसुलू आपांना सगळे पाठीमागे ‘परत एकदा’ म्हणत. घोडा असो, मेंढी असो, एका तपासणीवर त्यांचं समाधान होतच नसे. घरी सूपसुद्धा दोनदा चाखायच्या. नवरा म्हणायचा, "झालं! आता दुसऱ्या डॉक्टरचं मत घे!"

त्या हिवाळ्यात दुसरा डॉक्टर खरंच आला. अल्माटीचा एरसाइन. हात चपळ, जीभ त्याहून चपळ.

एका सकाळी बेकेन आजोबांनी आपला ताझी, म्हणजे शिकारी कुत्रा उश्कीर, फळीवर निजवून आणला. कोल्ह्यामागे धावताना खडकावरून घसरला होता आणि मागचा डावा पाय फरफटत होता. एक्स-रेत हाडं शाबूत होती. प्रश्न नसांचा होता.

आजोबा बाहेर घोडा बांधत होते तेवढ्यात आपांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी हलकेच मारली. पाय टुणकन उडाला. "आहे!"

आजोबा आत येऊन कुत्र्याच्या उशाशी उभे राहिले. एरसाइनने हातोडी मारली. पाय ढिम्म. "नाही."

"अरे, माझ्या कुत्र्याला पाय आहे की नाही, एवढं तरी ठरवा दोघं मिळून!"

"आपा, तुम्हाला दिसावंसं वाटलं, म्हणून दिसलं," एरसाइन म्हणाला.

"आणि तुला वाटलं नाही, म्हणून दिसलं नाही? सरक. परत एकदा."

आपांनी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काहीच नाही.

"खरं सांग पोरी," आजोबा चाबूक मुठीत पिळत म्हणाले. "नस गेली असेल, तर आजच निरोप देतो त्याला. दारात बसून दुसऱ्यांचे कुत्रे पळताना बघत राहील... मला नाही बघवणार ते."

आपांनी गुडघा सोडून कुत्र्याकडे पाहिलं. कान ताठ, मान ताठ, मांडी लाकडासारखी. आणि आजोबा त्याच्या कानाशी पुटपुटत होते, "थांब राजा, थांब."

"आजोबा, हे शिकारीत कधी म्हणता?"

"कोल्हा दिसला की. मी सोडेपर्यंत त्यानं हलायचं नाही."

"अहो, मग तो कोल्ह्याचीच वाट बघतोय! अंग एवढं आवळल्यावर पाय उडेल कसा?"

"बरं बाई, गप्प बसतो."

"गप्प बसलात तरी तो तुमच्याच तोंडाकडे बघणार. तो अंग सैल सोडून झोपतो कुठे?"

"खोगिरावर. शिकारीला जाताना पाय दमू नयेत म्हणून पुढ्यात आडवा घेतो. पोचेपर्यंत घोरतो लेकाचा!"

खोगीर बाकावर चढलं, खोगिरावर आजोबा. दोघा डॉक्टरांनी उश्कीरला अंगाखालच्या लोकरी नमद्यासकट अलगद त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"चालवा घोडा!" आपा म्हणाल्या.

"कुठे नेऊ?"

"बाजारात न्या. एरसाइनसाठी मोठी टोपी आणा, ह्याचं डोकं फार वाढलंय."

आजोबा जीभ टाळ्याला लावून टकटक करत डुलू लागले. दोन-चार हेलकाव्यांतच उश्कीरचे डोळे मिटले आणि पाय खाली लोंबला. एरसाइनने हातोडी मारली. पाय उडाला तो थेट बाजूला ठेवलेल्या त्याच्या चहाच्या वाटीवर!

"आहे!" चहाने निथळत तो ओरडला.

"परत एकदा."

परत उडाला. मग आपांनी त्याच पायाचं बोट चिमटलं. उश्कीरने पाय ओढला, पण आपांचं लक्ष होतं तोंडाकडे. त्याने डोळे उघडले, मान वळवली आणि कोणी आपली अब्रू काढल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"पाय काय, डोक्याला न विचारता नुसता परस्पर ओढला जातो. पण मान वळली, म्हणजे दुखणं डोक्यापर्यंत पोचलं, नस अजून जिवंत आहे. आजोबा, पळेलच असं मी म्हणत नाही. पण निरोपाची घाई नको. वसंतापर्यंत थांबा."

"थांबायचं? ह्या वयात?"

"कुत्र्याला शिकवलंत ना? मग आता त्याच्याकडून शिका."

बर्फ वितळल्यावर आजोबा आले, उश्कीर खोगिरावर घोरत. खाली उतरवला मात्र, दवाखान्याच्या मांजरीमागे सुटला! पळणं जरा तिरकं, वळताना डावा पाय मागे राहायचा, पण मांजरीला झाड गाठावं लागलं.

"पळाला, आपा! बघितलंत?" एरसाइन नाचत होता.

आपांनी खिडकीत उभ्या उभ्याच डोळे पुसले.

"परत एकदा," त्या म्हणाल्या. "मांजरीला उतरवा रे कोणीतरी!"