वास घेतलेली शेवंती

रेगेन्सबर्गमध्ये मला कोणी जिन्यात थांबवून जीभ दाखवायला लावेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाईंनी आधी स्वतःची जीभ बाहेर काढली, मग माझ्या तोंडाकडे बोट केलं. माझ्या दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. मी मुकाट्याने जीभ काढली. काय करणार? वयाने माझ्या आईएवढी बाई, आणि बघणंही थेट आईसारखं, पोराने ताप लपवलाय हे कळल्यासारखं.

ही आमच्या खालच्या मजल्यावरची चिनी आजी. तिचा मुलगा माझ्या नवऱ्यासारखाच इथल्या मोटारीच्या कारखान्यात, आणि ही नातवंडं सांभाळायला येऊन राहिलेली. तिला जर्मन येत नाही, मला चिनी येत नाही. ती आपल्या फोनमध्ये बोलते आणि फोन मला खणखणीत जर्मनमध्ये सुनावतो. त्या दिवशी फोन म्हणाला, "आत आग आहे. डोळ्यांत चढली आहे."

डोळे लाल होतेच. दिवसभर कॉम्प्युटर, वर घरातलं हीटिंग. आमच्या नेहमीच्या डॉक्टरला मी एकदा सांगून पाहिलं होतं की मला उष्णता झालीय. त्याने ताप मोजला, नाहीये म्हणाला, घरी जा. आता या बाबाला उष्णता म्हणजे काय ते कसं समजावणार? आणि इथे ही बाई नुसती जीभ बघून सांगते! तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली मला.

तिने मला घरात नेऊन बसवलं आणि पथ्यं सांगायला सुरुवात केली. तळलेलं नको, जागरण नको, लिची तर अजिबात नको. मी म्हटलं, आमच्याकडे आंब्याचं असंच असतं, जास्त खाल्ले की तोंड येतं. "गेनाऊ!" ती म्हणाली. अगदी बरोबर म्हणायचं असलं की इथे सगळे म्हणतात तो हा शब्द, आणि तिला येणाऱ्या मोजक्या जर्मन शब्दांतला तिचा लाडका. मग काचेच्या पेल्यात तिने सुकलेली पिवळट बोंडं टाकली, बेदाण्यासारखी थोडी लाल फळं टाकली, खडीसाखरेचा खडा टाकला आणि वरून गरम पाणी ओतलं. डोळ्यांची आग होते, डोकं चढतं, घसा कोरडा पडतो, तेव्हा हा चहा घ्यायचा. पोट बिघडलेलं असताना मात्र नाही, असं फोनने बजावलं.

बोंडं फुगली, हळूहळू उमलली, आणि वास आला. अगं बाई! ही तर शेवंती!

आमच्या घरी शेवंती ही काही प्यायची वस्तू नव्हती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि आम्हा भावंडांच्या नाकांवर पहारा द्यायची. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, घेतला की ते फूल बाद. "वास घेतलास ना? नाकाला पिवळं लागलंय बघ," म्हणायची. लागलेलं काही नसायचं, पण ज्याने घेतला असेल तो पटकन नाक पुसायचा आणि पकडला जायचा. इथे मात्र ही फुलं थडग्यांवर ठेवतात. पहिल्या वर्षी मी हौसेने बाल्कनीत कुंडी लावली, तर समोरच्या जर्मन बाईंनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, कोण गेलं? मी कुंडी देऊन टाकली. त्यानंतर हा वास आज आला होता. आईची इतकी आठवण आली की पेला तसाच खाली ठेवला. त्या बाईसमोर मी ढसाढसा रडले.

आईचेच तर डोळे चालले होते. काचबिंदू. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालायचे आणि उरलीय ती सांभाळायची. आणि मला फक्त एवढंच हवं होतं की आईने एकदा इथे यावं. माझ्या स्वयंपाकघरात बसावं, खिडकीतून डोनाऊ नदी बघावी, माझ्या डब्यांच्या मांडणीला नावं ठेवावीत. दर वेळी विचारलं की म्हणायची, "डोळे जरा बरे होऊ देत, मग येते."

मी आजीच्या फोनला काचबिंदू विचारला. तिने मान हलवली. "त्याला हा नाही. त्याला डॉक्टर. हा दमलेल्या डोळ्यांना." ऐकू आलं मला, नाही असं नाही. पण मनाला कोण समजावणार? निघताना तिने एक पुडा हातात ठेवला, "आईला माझ्याकडून." नाशिकला निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर मी तो पाठवला. थेंब बंद करायचे नाहीत, हेही आईला दहादा बजावलं.

आई फोनवर म्हणायची, हो गं, घेतला चहा. मग म्हणायला लागली, बरं वाटतंय. आणि एक दिवस म्हणाली, "तुळशीला मंजिऱ्या आल्यात, दिसल्या मला." मी आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिले. नवरा म्हणाला, "अगं, डोळ्याची नस सुकलेली, ती चहाने कशी..." मी म्हटलं, तुझं इंजिनिअरिंग कारखान्यात ठेवून येत जा! व्हिसाच्या कागदांसाठी परदेशी लोकांच्या कचेरीत खेटे घातले, मधल्या खोलीत नवी गादी टाकली, पडदे शिवून घेतले, आणि डिसेंबरात तिला आणायलाच नाशिकला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-वहिनी कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात आले. आई पेल्यात कोमट पाणी ओतत होती. एक बोट पेल्यात आत धरलेलं, बोटाला पाणी लागल्यावर थांबली. मग एक बोंड त्यात सोडलं. मी तिच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, आणि तिला पत्ताच नाही. फळीवरचा पुडा जवळजवळ भरलेला होता.

"आई, तू पीत नाहीस हा चहा?"

ती दचकली. "अगं, देवाचं फूल. घशाखाली उतरेल का?"

"मग देवाला तरी वाहायचं."

"कसं वाहणार? पुडा उघडला, आत काय आहे ते दिसेना. म्हणून वास घेतला." आणि हसायला लागली. "मीच वास घेतला गं! बाद झाली की सगळी."

मग रोज सकाळी त्यातलं एक पाण्यात सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. उमललं की बोटांना कळतं म्हणाली. तेवढीच तुझी सोबत.

"आणि मंजिऱ्या दिसल्या म्हणालीस ते?"

"तू किती खुशीत बोलत होतीस त्या दिवसांत."

मी चिडले. असं कोणी खोटं बोलतं का, म्हणून तोंडाला येईल ते बोलले, आणि मग जमिनीवर बसून भोकाड पसरलं. आईने मला रडू दिलं. मग म्हणाली, "मला तिकडे ने म्हणून आता मागे लागू नकोस. इथल्या भिंती मला पाठ आहेत. तिकडे मी चाचपडत बसणार, आणि तू कामधाम सोडून माझ्याकडे बघत बसणार. मला नाही बघवायचं ते." बघवायचं म्हणाली. तिने पदराने माझं नाक पुसलं. "आणि तुझ्या त्या शेजारणीला सांग, चांगला गुण आला म्हणून. बिचारीने इतक्या मायेने दिलंय."

मी एकटीच परत आले. दुसऱ्या दिवशी आजी जिन्यात भेटली. फोन पुढे करून तिने आईच्या डोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, चांगला गुण आला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला तर पहिल्यापासून माहीत होतं. "गेनाऊ," ती हळूच म्हणाली, आत गेली आणि आणखी एक पुडा घेऊन आली. मी तो घेतला. मग फोनने विचारलं, आई कधी येणार?

मधल्या खोलीतले पडदे अजून लावलेलेच आहेत. मी फोनशी वाकले आणि म्हटलं, "डोळे जरा बरे होऊ देत, मग येते म्हणालीय."