गिऱ्हाईक सांगेल तो डाग

डाग ओळखणं हा माझा धंदा आहे. वीस वर्षं मी एका लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहतेय. कपडा आला की उलटा करायचा, उजेडात धरायचा, नाकाशी न्यायचा आणि पावतीवर लिहायचं: शाई, तेल, रक्त, गंज. चुकीचं लिहिलं तर आतला धुणारा भलतंच औषध लावतो आणि कपडा कामातून जातो. पण मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "गिऱ्हाईक सांगेल तो डाग. बाई चादर घेऊन आली आणि म्हणाली चहा सांडला, तर पावतीवर चहाच लिही. मग आत जाऊन धुणाऱ्याला खरं काय ते सांग. काउंटरवर कोणाची लाज काढायची नाही."

हा नियम मी दुकानात कधी मोडला नाही. घरी अर्धाच पाळला. ती गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे.

सासरे बसकंडक्टर होते. चौतीस वर्षं. डेपोत त्यांना 'डबलबेल' म्हणायचे, कारण शेवटच्या उतारूचा दुसरा पाय पायरीवर टेकायच्या आत ते दोनदा घंटी मारत. रिटायर झाले तरी कंडक्टरकी अंगातून गेली नाही. स्वयंपाकघरात बोलायला आले तरी दोन पाय फाकवून, एक हात कपाटाला धरून उभे राहायचे, जणू ओटा आता वळण घेणार आहे. जेवायला बसलो की मुंडकी मोजायचे. घरी येताना त्यांनी तिकिटाचा पंच आणला होता, तो खरं म्हणजे जमा करायचा होता; हरवला म्हणून लिहून दिलं. "आयुष्यात एवढं एकच खोटं बोललो," असं ते सगळ्यांना सांगायचे आणि पंच टिक-टिक वाजवून दाखवायचे.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगायचे. ड्युटीवर असताना घोटभर पाणी प्यायचे नाहीत. लांबच्या रूटवर तीन-तीन तास कुठे जायची सोय नसायची. ड्रायव्हरने बाटली पुढे केली की हे म्हणायचे, "नको, पुढचा स्टॉप लांब आहे." त्याचं त्यांना कौतुक होतं. शरीराने मात्र ती चौतीस वर्षं विसरली नव्हती.

सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते थोरल्या दिरांकडे होते. मग एके दिवशी दीर-जाऊ त्यांना आमच्याकडे घेऊन आले. चार दिवस राहायला म्हणून नाही, कायमचे. सामान लावताना बॅगेच्या तळाशी मला घडी घातलेलं मेणकापड सापडलं, लहान मुलाच्या खाली घालतात तसलं. मी जावेकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे. लागतं कधीकधी." आणि चप्पल घालायला लागली. तिने तेवढंच सांगितलं. झाकली मूठ माझ्या हातात देऊन ती गेली.

त्याच आठवड्यात नवऱ्याने मला स्वयंपाकघरात सांगितलं, "दादाने त्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय. बाबांचा तसला त्रास इथे सुरू झाला तर भरून टाकू. तू नोकरी करतेस, मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात. कोण करणार?" आमच्या स्वयंपाकघराला दार नाही. बाहेर वर्तमानपत्राची पानं उलटत होती, ती थांबली. मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, पण तो पाठमोरा होता.

दोन महिने काही झालं नाही. मग पिल्लू आलं.

माझी लेक नऊ वर्षांची. तिने वर्षभर हट्ट धरला होता. नवऱ्याच्या कामावरच्या एकाकडे कुत्री व्यायली, तिचं एक तपकिरी पिल्लू नवऱ्याने घरी आणलं. एक कान उभा, एक पडलेला. आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, आणि नवऱ्याने चार रविवार घालवून स्वतःच्या हाताने सगळीकडे लाकडी फळ्यांची फरशी बसवलेली. पिल्लाने आल्या आल्या तिच्या बरोबर मध्यावर तळं केलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो लगेच मोबाइलवर पिल्लांना शिकवायचे व्हिडिओ बघायला बसला.

"ह्यात बघायचं काय?" सासरे म्हणाले. "टाइमटेबल लागतं, बस्स."

पुठ्ठ्यावर त्यांनी टाइमटेबल काढलं, पट्टी धरून. झोपेतून उठल्यावर लगेच. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी. खेळून दमल्यावर. पाणी प्यायल्यावर दहा मिनिटांनी. गॅलरीत एक जुना ट्रे ठेवून त्यात वर्तमानपत्र अंथरलं, तो शेवटचा स्टॉप. वेळ झाली की ते गॅलरीच्या दारात उभे राहून पंच वाजवायचे, टिक-टिक, पिल्लाला उचलून ट्रेमध्ये ठेवायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. "त्याला लाज वाटते," म्हणायचे. काम झालं की बिस्किटाचा तुकडा आणि वर, "पास!" आत कुठे सांडलंच तर रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच, व्हिनेगरच्या पाण्याने पुसून वास घालवायचा, म्हणजे तो पुन्हा तिथे जात नाही. "पॅसेंजरवर हात उचलला की मेमो मिळतो," ते लेकीला म्हणाले, आणि तेच पिल्लाचं नाव पडलं. पॅसेंजर.

पहिल्या आठवड्यात मी किती वेळा पुसलं ते विचारू नका. दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आलं. तिसऱ्या आठवड्यात पॅसेंजर स्वतः गॅलरीच्या दाराशी जाऊन नख्यांनी खरवडायला लागला. पंच नुसता वाजला तरी असेल तिथून धावत सुटायचा आणि ट्रेमध्ये बसून मागे वळून बघायचा. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मलाही बरं वाटायचं. घरात कोणीतरी त्यांच्या शब्दावर चालत होतं.

चौथ्या आठवड्यात पुन्हा ओलं दिसायला लागलं.

एका सकाळी सासऱ्यांची खोली आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात. मी फडकं घेऊन वाकले आणि वाकल्या वाकल्या मला कळलं. पिल्लू एका जागी बसून करतं, त्याचं तळं गोल असतं. हे लांबट होतं, खोलीच्या उंबऱ्यापासून सुरू होऊन बाथरूमकडे थेंबाथेंबाने गेलेलं. आणि वास. रोजच्या गोळ्यांचा वास लघवीला येतो, तो काउंटरवर चादरींना येतो तसाच. दोरीवर सासऱ्यांचा पायजमा वाळत होता, पहाटेच धुतलेला, नीट न पिळलेला.

सासरे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "पॅसेंजरने केलं वाटतं."

"हो, वाटतं," मी म्हणाले.

चहा लिहिला मी.

मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. नवरा वैतागायचा, सासरे म्हणायचे, "लहान आहे अजून. चुकतं." एकदा दुपारी मी लवकर घरी आले. सासऱ्यांना चाहूल लागली नाही. बोळात ओलं होतं आणि ते खुर्चीखाली झोपलेल्या पॅसेंजरला दोन्ही हातांनी उचलून आणत होते. अगदी हळू, त्याची झोप मोडू नये म्हणून. त्यांनी त्याला त्या ओल्याशेजारी ठेवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पाय न वाजवता जिन्यात परत गेले आणि पाच मिनिटांनी बेल वाजवून आले.

त्या पाच मिनिटांत मी एक वाक्य जुळवत होते. "बाबा, डॉक्टरकडे जाऊन येऊ." एवढंच. पण सासऱ्यांशी सुनेने कुठल्या तोंडाने बोलायचं ते? नवऱ्याला सांगावं तर तो फॉर्म होताच. म्हणून मूग गिळून बसले. लोकांना वाटेल सासऱ्यांसाठी बसले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला दोघांचं पुसायचा वीट आला होता, आणि दोघांतला एकच परत करता येत होता. सासऱ्यांना तर दिरांनी एकदा परत केलेलंच होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नवऱ्याचा पाय बोळात अडखळला. फळीची कड फुगून वर आली होती. शेजारी ताजं ओलं. पॅसेंजर पलीकडे लेकीच्या मांडीवर झोपला होता. नवऱ्याने त्याला मानगुटीला धरून उचललं आणि त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. "हे काय? हे काय केलंस?" लेक किंचाळली. पॅसेंजर बारीक आवाजात ओरडत राहिला. मी ओट्याशी उभी होते. सासरे त्यांच्या खोलीच्या दारात, एक हात चौकटीला, दुसरा सदऱ्याच्या खिशात.

खिशातली मूठ आवळली गेली असावी. खिशात पंच वाजला. टिक-टिक.

पॅसेंजर नवऱ्याच्या हातातून निसटला आणि धावत सुटला. ओल्या नाकाने, घसरत, गॅलरीत. ट्रेमध्ये सासऱ्यांनी नुकतंच नवीन वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर तो बसला. करायला काही नव्हतं, तरी बसला. आणि मागे वळून सासऱ्यांकडे बघत राहिला, 'पास' ऐकायला.

सगळ्यांनी पाहिलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. तेव्हा त्यांना कळलं की मला माहीत आहे.

"आता नाटकं करतोय," नवरा म्हणाला. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. बास झालं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. पण आमच्या घरातला चोर पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि त्याला कुठे पाठवणार हे त्याला ठाऊक होतं.

नवऱ्याच्या ओळखीचं एक गोदाम आहे, गावाबाहेर. तिथे राखणीला कुत्री साखळीने बांधलेली असतात. त्याच संध्याकाळी तो पॅसेंजरला घेऊन निघाला. लेक पलंगाखाली शिरून रडत होती. सासरे लिफ्टपर्यंत गेले. हातात पॅसेंजरचं पांघरूण आणि तो पुठ्ठा.

"हे पण ने," ते म्हणाले. "तिथल्या माणसाला सांग, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी. विसरू नकोस."

"बाबा, तिथे त्याला कुठेही करता येईल," नवरा म्हणाला आणि लिफ्टचं दार बंद झालं. नंतर पुठ्ठा मला गाडीच्या मागच्या सीटवर सापडला.

त्यानंतर फरशी कोरडी. सोमवारी कोरडी, मंगळवारी कोरडी, पंधरा दिवस कोरडी. नवऱ्याने फुगलेली फळी काढून नवीन बसवली. दीर-जाऊ आले तेव्हा त्याने त्यांना बोळ दाखवला. "कुत्रं गेलं आणि घर वाचलं." जावेने फरशीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे. "बाबांची तब्येत छान आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. सासरे मान हलवत होते. "शिकलाच नाही तो," ते म्हणाले. "काही पॅसेंजर असतातच तसे."

फरशी कोरडी का होती ते मला चौथ्या दिवशी कळलं. सकाळी त्यांच्या उशाशी ठेवलेला पेला संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. चहा अर्धा टाकलेला. ओठांवर पापुद्रे आले होते आणि उठताना भिंत धरावी लागत होती. आमच्या मालकीणबाईंच्या नियमाचा दुसरा भाग होता, आत जाऊन खरं सांगायचं. मी आत कोणालाच सांगितलं नव्हतं, ना नवऱ्याला, ना डॉक्टरला. अजूनही सांगितलेलं नाही.

काल लेक शाळेतून आली आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही तर म्हणाला होतात, पॅसेंजर पास झाला. मग तो शिकला नव्हता का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक चादर काउंटरवर ठेवतं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतं, तसं.

"नव्हता शिकला," मी म्हणाले. "जा, हातपाय धू."

ती गेल्यावर मी पेला त्यांच्यापुढे सरकवला. "बाबा, पाणी तरी प्या. ओठ फुटलेत तुमचे."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. खिशात हात घातला, पण पंच वाजवला नाही.

"नको," ते म्हणाले. "पुढचा स्टॉप लांब आहे."

मी पेला उचलला आणि पाणी गॅलरीतल्या कुंडीत ओतलं. ट्रे कोणी हलवला नव्हता. त्यात त्या रविवारचं वर्तमानपत्र तसंच अंथरलेलं होतं, कोरडं.