हेटी ऑर्मरॉडची नर्सगिरी

इंग्लंडातल्या मोरकम गावी समुद्राकाठच्या थेटरात हेटी ऑर्मरॉड वीस वर्षं बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवत होती. नवरा लढाईत मारला गेला होता, जीभ मात्र शाबूत होती.

एका सोमवारी मॅनेजर पिलिंगसाहेबांनी तिच्या हातात नर्सचा पांढरा पोशाख ठेवला. नवा सिनेमा भुतांचा होता. म्हणजे भुतं होती, पण ती सारखी जिन्यावरून घसरत होती. तरीही साहेबांनी बाहेर पाटी लावली : ‘भीतीने चक्कर आल्यास नर्स हजर. ब्रँडी मोफत.’

"मला साधं कापलेलं बोट बांधता येत नाही, साहेब."

"बांधायचं नाही गं. नुसतं उभं राहायचं."

त्या दुपारी लोक पोट धरून हसले. चक्कर कुणालाच आली नाही. साहेबांचा चेहरा पडला. मंगळवारी मात्र ट्रामचा म्हातारा कंडक्टर सेथ ग्रिमशॉ, पडद्यावरचं भूत केकमध्ये तोंडावर आपटलं त्याच क्षणी, खुर्चीतून अलगद घरंगळला. हेटीने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ब्रँडी पाजली. सेथने डोळे उघडून मिशी पुसली.

बुधवारी चौघं पडले. गुरुवारी म्हाताऱ्यांची अख्खी रांगच आडवी झाली, तेव्हा पडद्यावर भूत अजून यायचंच होतं, नुसती नावं चालली होती.

"साहेब, ही बेशुद्धी नव्हे, गुत्ता आहे गुत्ता!" हेटी म्हणाली. शुक्रवारी तिने बाटलीत माशाचं औषधी तेल भरलं. पहिला चमचा घशाखाली गेला तशी सगळी रांग ताडकन उठून बसली.

"मी तर बुटाची नाडी बांधत होतो," एकजण पुटपुटला.

शनिवारी पडला तो एकटा सेथ. तेल प्याला, तोंड वाकडं केलं, तरी हलेना.

"उठा आता! चटक लागली की काय तेलाची?"

"तेलाला कोण विचारतंय, हेटीबाई?" डोळे मिटूनच तो म्हणाला. "आमची ही गेल्यापासून डोकं कुणी असं मांडीवर घेतलं नव्हतं."

हेटीने त्याचं डोकं जरा जोरातच खाली ठेवलं.

"उद्या चारला चहाला या. आणि चालत या, लोळत नाही!"

तो आला, शहाजिऱ्याच्या केकचे तीन तुकडे खाल्ले आणि जाताना तिचा गळका नळ दुरुस्त करून गेला. वसंतात त्यांनी लग्न केलं. भांडणं रोज व्हायची, बहुतेक रेडिओच्या आवाजावरून, आणि त्यात हेटीच जिंकायची.